अण्णांचा पुठ्ठा

औषधांच्या दुकानात बाई काउंटरपाशी येऊन आवाज उतरवून बोलू लागली, की अण्णा तिच्याकडे पाठ फिरवत. लग्न होऊन मी निपाणीला आले तेव्हा हे पहिल्यांदा पाहिलं आणि वाटलं, काय उद्धट माणूस आहे! गिऱ्हाईक समोर उभं, आणि हे कपाटाकडे तोंड करून खोकल्याच्या बाटल्या न्याहाळतायत. पाठ फिरवण्याआधी ते काउंटरखालून एक पुठ्ठा काढून तिच्यापुढे सरकवायचे, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर चिकटवलेला कागद, एका अंगाला मराठी, दुसऱ्या अंगाला कन्नड. वर लाल शाईत लिहिलेलं होतं : यातलं एक जरी खरं असेल तर काउंटरवर बोट वाजवा. कोणतं ते सांगायची गरज नाही.

पाळणा लांबवायच्या गोळ्या मागायला येणाऱ्या बायकांसाठी तो पुठ्ठा होता. बीपी वाढलेलं असतं का? वय पस्तिशीच्या पुढं असून विडी-सिगारेट ओढता का? पायात किंवा छातीत कधी रक्ताची गुठळी झाली होती का? लिव्हरचं दुखणं, स्तनात गाठ? बाळ सहा महिन्यांच्या आतलं असून अंगावर पितं का? टीबीच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू आहेत का? डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढं चमकतं का, नागमोडी रेघा दिसतात का? वाचून झाल्यावर बोट वाजलं, तर अण्णा बाटल्यांकडे बघतच म्हणायचे, "डॉक्टरीणबाईंकडं जावा. ह्या गोळीत दोन औषधं असत्यात, त्यातलं एक तुमास्नी सोसायचं न्हाय. बाकीच्या तऱ्हा लई हायत." आणि तोवर निभावायला निरोधचं पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून मागच्या मागे काउंटरवर ठेवायचे.

गावात त्यांना भित्रे अण्णा म्हणत. लुकडा बांधा, पांढरा हाफ शर्ट, खिशात दोन चष्मे. एका चष्म्यानं वाचलं की दुसऱ्यानं पुन्हा वाचायचं. सीमाप्रश्नावरून बंद पुकारला की पहिली घोषणा ऐकू आली न आली तोच त्यांचं शटर खाली. मागच्या बोळातली खिडकी मात्र अर्धी उघडी, इन्सुलिन लागणारे तिथे जाऊन हाक मारत. कोणी चेष्टा केली तर अण्णा रागवत नसत. "हाय मी भित्रा. भ्यालो म्हंजे परत एकदा बघतो. तुमचं काय बिघडतंय मी परत बघितलं म्हणून?" असं म्हणायचे आणि बाटलीवरची तारीख पुन्हा मोठ्यानं वाचायचे.

दुकानाच्या मागच्या खोलीत, पडद्याआड, त्यांच्या पत्नी खुर्चीत बसलेल्या असत. सगळं गाव त्यांना आक्का म्हणे. त्यांचा उजवा हात मांडीवर पडून असायचा आणि त्यांना एकच शब्द बोलता यायचा : "बरं." चहा हवा का विचारलं तरी बरं, नको असला तरी बरं, दुखत असलं तरी बरं. कोणतं बरं कसलं ते फक्त अण्णांना कळायचं. मधेच गिऱ्हाईक सोडून ते आत जात, उशी सरकवत, परत येत. आक्कांना असं कशानं झालं हे कोणी विचारत नव्हतं, मीही विचारलं नाही. मला वाटायचं, जन्माचंच असेल.

हे सगळं एकोणीस-वीस वर्षांपूर्वीचं. माझं माहेर कडोलीचं. निपाणीत मी हायस्कूलला शिकवत होते, नवरा हुबळीला नोकरीला, पंधरा दिवसांनी घरी यायचा. घरात सासूबाई, मी आणि दीड वर्षांची सई. सईच्या वेळी सिझेरियन झालं होतं आणि डॉक्टरांनी तीन वर्षं थांबायला सांगितलं होतं. नोकरीत कायम व्हायला अजून दीड वर्ष बाकी होतं. पण सासूबाईंनी दुसऱ्या बाळाचा विषय काढायला सुरुवात केली होती. त्या वाईट नव्हत्या, त्यांना घाई होती. नवरा म्हणाला, "गोळ्या घे, पण आईला कळू देऊ नको, उगाच घरात कटकट." शाळेतल्या एका बाईंनी गोळ्यांचं नाव सांगितलं. शनिवारी शाळा सुटल्यावर मी अण्णांच्या दुकानात गेले.

पुठ्ठा पुढे आला. अण्णांची पाठ फिरली. मी एकेक ओळ वाचत गेले. नाही, नाही, नाही. आणि मग ती ओळ आली, डोळ्यांपुढं चमकण्याची.

मला कॉलेजात असल्यापासून ते व्हायचं. वर्षातून एकदा-दोनदा. आधी नजरेच्या कडेला एक चमकता ठिपका, मग तो पसरत पसरत करवतीच्या पात्यासारखा व्हायचा, वीस मिनिटांनी निघून जायचा आणि मागून एका बाजूचं डोकं ठणकायचं. आई त्याला अर्धशिशी म्हणायची. माझं बोट काउंटरवर टेकलेलं होतं. वाजवलं तर डॉक्टरीणबाईंकडे जावं लागणार. गावातल्या डॉक्टरीणबाई सासूबाईंच्या मावसबहीण. त्यांनी कोणाला काही सांगितलं नसतं, हे आज कळतं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं, की संध्याकाळपर्यंत घरी सगळं कळेल. मी स्वतःला सांगितलं, वर्षातून एकदा होतं, ते काय मोजायचं.

"झालं वाचून?" अण्णांनी पाठमोऱ्यानंच विचारलं.

"झालं."

"समदं?"

"हो."

ते नेहमीपेक्षा जास्त वेळ तसेच उभे राहिले. मग वळले, माझ्या दंडाला पट्टा गुंडाळून बीपी पाहिलं, चष्मा बदलून परत पाहिलं. पाकीट देताना त्यांनी पंजा पुढे केला आणि अंगठ्यापासून एकेक बोट दुमडत म्हणाले, "पोट, छाती, डोकं, डोळं, पाय. पोटात जीवघेणी कळ आली, छातीत दुखून दम लागला, कधी दुखलं न्हाय असं डोकं दुखलं, दिसंनासं झालं न्हायतर बोलायला येईना झालं, पोटरी सुजून दुखाय लागली, तर गोळी बंद. आणि माझ्याकडं न्हाय यायचं. सरळ मोठा दवाखाना. कळलं?" मी मान डोलावली. "म्हणून दाखव." भर दुकानात मी पाच बोटं दुमडून पाठ म्हणून दाखवला. मागे उभे असलेले एक गृहस्थ हसले.

पाकीट मी शाळेत ठेवायची, माझ्या कपाटात, रिकाम्या खडूच्या डब्यात. सुट्टीच्या दिवसाची गोळी पर्समध्ये. दुसऱ्या महिन्यापासून चमकणं वाढलं. आधी महिन्यातून एकदा, मग दोनदा. दर वेळी मनात यायचं की हे गोळ्यांनीच होतंय, आणि दर वेळी मी तो विचार दाबायची. वह्या तपासताना अक्षरांच्या मधे एक भोक पडल्यासारखं व्हायचं. मी पेन खाली ठेवून मनात आकडे मोजत बसायची. वीस मिनिटं. गेलं. आता काही नाही. तीन महिन्यांनी बीपी दाखवायला गेले तेव्हा अण्णांनी पट्टा सोडला आणि कपाटाकडे वळून विचारलं, "बाकी काय तरास?" मी नुसती मान हलवली. त्यांच्या पाठीला ती कशी दिसणार! पण काउंटर वाजला नाही, म्हणून त्यांनी पुढचं पाकीट काढलं.

पाचव्या महिन्यात, नववीच्या वर्गात, मी फळ्यावर लिहीत होते. करवत आली. सवयीनं मी थांबले नाही, लिहीत राहिले. मग बोटांना मुंग्या आल्या. मुंग्या मनगटापर्यंत, कोपरापर्यंत चढल्या आणि हातातला खडू पडला. उचलायला वाकले तर उजव्या हाताला तो सापडेना. हात माझाच होता, पण दुसऱ्या कोणाचा तरी लोंबल्यासारखा. मी वर्गाकडे वळले. म्हणायचं होतं, "वाचत बसा." तोंडातून भलतंच काहीतरी आलं. शब्दच नव्हे तो, नुसता घरंगळलेला आवाज. मुली हसल्या. मी परत म्हणायला गेले, परत तसंच आलं. मग हसणं थांबलं. चाळीस मुली माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यांवरून मला कळलं की मला काय झालंय ते.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, ऊन लागलं असेल, घरी जाऊन पडा. मला पाणी पाजलं, रिक्षात बसवलं. पंधरा-वीस मिनिटांनी जीभ थोडी हलायला लागली होती. रिक्षावाल्याला मी घरचा पत्ता सांगितला नाही. अण्णांचं दुकान आलं तेव्हा हातानं थांबवलं. सरळ दवाखान्यात जा म्हणून त्यांनी बजावलं होतं, पाठ करून घेतलं होतं. पण दवाखान्यात विचारणार, कसल्या गोळ्या घेता? शाळेतल्या त्या बाई सोडल्या तर ते निपाणीत फक्त एका माणसाला ठाऊक होतं.

दुकानात दोघं-तिघं होते. मी काउंटरला धरून उभी राहिले. अण्णांनी विचारलं, "काय गं?" मला बोलायचं होतं आणि बोलायची भीती वाटत होती, पुन्हा तो आवाज आला तर? मी डाव्या हाताचं बोट काउंटरवर वाजवलं. एकदा. परत वाजवलं.

अण्णांच्या तोंडावरचं रक्त उतरताना मी पाहिलं. त्यांनी पुठ्ठा काढला, माझ्यापुढे धरला, आणि या वेळी पाठ फिरवली नाही. "कुठलं? बोट ठेव." मी ठेवलं. ती ओळ वाचून त्यांनी डोळे मिटले. मग नुसतं एवढंच म्हणाले, "चल."

दुकान उघडं टाकून निघालेले अण्णा गावानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. शेजारच्या टेलरनं गाडी काढली, त्याची बायको आक्कांजवळ बसली. कोल्हापूर जवळ, म्हणून कोल्हापूर. अण्णा माझ्याशेजारी बसून सारखे म्हणत होते, "बोलत ऱ्हा. गप बसू नगंस. नाव सांग. पोरीचं नाव सांग. सातचा पाढा म्हण." सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस. आणि पुढे काहीच नाही. सात चोक. सात चोक. मी शिक्षिका, मला सातचा पाढा येईना. खिडकीबाहेर उसाची शेतं पळत होती आणि मला वाटलं, सईला मी आता कधीच हाक मारू शकणार नाही. ती आई म्हणून येईल आणि मी घरंगळलेला आवाज काढीन. "सात चोक," अण्णा म्हणाले, "म्हण. कायबी म्हण." कागल मागे पडलं तेव्हा अठ्ठावीस आलं. पुढचे सगळे आकडे मग रांगेनं आले. अण्णा रडत होते. मीही.

मोठ्या दवाखान्यात डोक्याचे फोटो काढले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी हात दाबून पाहिले, हसायला लावलं, जीभ बाहेर काढायला लावली. तोवर हाताला पुष्कळ बळ आलं होतं. "छोटी गुठळी येऊन विरघळली असावी. या वेळी वाचलात," ते म्हणाले. "कसल्या गोळ्या घेता?"

निरोप मिळताच सासूबाई पोचल्या होत्या. सईला कडेवर घेऊन खाटेपाशी उभ्या होत्या. माझ्या तोंडून शब्द फुटेना, आणि या वेळी कारण गुठळीचं नव्हतं.

"पाळणा लांबवायच्या," अण्णा म्हणाले. "मी दिल्यात. माझ्याच हातानं."

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. डोळ्यांपुढं चमकून डोकं दुखणाऱ्या बाईनं इस्ट्रोजेन असलेलं काहीच घ्यायचं नाही, ना गोळी, ना पट्टी, ना रिंग, आणि आता तर कधीच नाही. एकाच हार्मोनची गोळी असते, तांबी असते, ते सगळं नंतर बसून बोलू. आधी ही रक्त पातळ करायची गोळी चालू करा. ते गेल्यावर सासूबाई खाटेच्या कडेवर टेकल्या. मला वाटलं, आता सुरू होईल. त्यांनी माझा उजवा हात उचलला, दाबून पाहिला, खाली ठेवला. "मला सांगितलं असतंस तर मी काय खाल्लं असतं व्हय गं तुला?" एवढंच म्हणाल्या. दुसऱ्याचा विषय त्यांनी पुढे स्वतःहून कधी काढला नाही. तांबी बसवायला मला डॉक्टरीणबाईंकडे त्याच घेऊन गेल्या.

दोन दिवसांनी घरी सोडलं, तेव्हा अण्णा पुन्हा आले होते. व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "अण्णा, मी वाजवायला हवं होतं. मला ठाऊक होतं."

"तुझं बोट टेकलेलं दिसलं मला. कपाटाच्या काचंत दिसतंय समदं," ते म्हणाले. "टेकलंय, वाजंना. मी वाट बघितली. मग न्हाय वाजलं म्हटल्यावर मला बरं वाटलं. विचारायला पायजे हुतं. भ्यालो, बाईमाणसाला कसं विचारायचं म्हणून."

मग त्यांनी आक्कांचं सांगितलं. दुकान नवीन होतं तेव्हाचं. मुलगा लहान, घरात ओढाताण, एवढ्यात दुसरं नको असं दोघांचं ठरलेलं. आक्कांना चमकून डोकं दुखायचं, हे अण्णांना ठाऊक होतं. ते डोक्याला बाम लावून द्यायचे. एक दिवस कपाटातून पाकीट काढून त्यांनीच आक्कांच्या हातात ठेवलं. कोणाला विचारलं नाही, काही वाचलं नाही. चौदा महिन्यांनी भाकरी थापता थापता आक्का परातीवर कोसळल्या. चौतीस वर्षांच्या होत्या. "पाकिटात कागद असतोय घडी घातलेला, बारीक अक्षराचा," अण्णा म्हणाले. "ती दवाखान्यात पडल्यावर मी तो वाचला. समदं लिव्हलेलं हुतं त्यात. दुकान माझं, कागद माझ्याच कपाटात, आणि मी कधी उघडला नव्हता."

माझ्या त्या प्रसंगानंतर अण्णांची भीती दुप्पट झाली, आणि काही दिवस ती वाईट वाटेला गेली. बायकांना पुठ्ठा काउंटरवर द्यायचा त्यांनी बंद केला. आतल्या खोलीत, आक्कांच्या समोरच्या स्टुलावर बसून वाचायचा. आक्कांकडे बघितल्यावर खोटं कोण बोलणार, असं त्यांचं म्हणणं. आक्कांना विचारलं होतं, त्या "बरं" म्हणाल्या होत्या. मला ते बघवत नव्हतं. आत गेलेल्या कित्येक बायका गोळ्या न घेताच निघून जात, ज्यांना घ्यायला काहीच हरकत नव्हती त्यासुद्धा. कन्नड बोलणारी एक तरुण मुलगी अशीच पळाली. तीन महिन्यांनी रडत आली. अंगावरचं पोर जेमतेम वर्षाचं, त्यात पुन्हा दिवस गेलेले, अंगात रक्त नाही. अण्णा स्वतः तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले, आणि बाईंनी त्यांनाच फैलावर घेतलं. तो प्रसंग मला अण्णांनीच सांगितला. "अण्णा, धडधाकट बाईला ही गोळी काही करत नाही. गरोदरपणात गुठळी व्हायचा धोका गोळीपेक्षा जास्त असतो, ठाऊक आहे का तुम्हाला? तुम्ही विचारा, बघा, बीपी घ्या. पण भीती घालू नका."

 त्यानंतर तिसऱ्या दिवशी अण्णांनी स्टूल उचललं, आक्कांच्या खोलीचा पडदा ओढला आणि मला बोलावून पुठ्ठ्यावर शेवटी एक ओळ लिहून घेतली, माझं अक्षर चांगलं म्हणून : वरचं काहीच नसेल तर घाबरू नका. कन्नड अंगाला त्यांनी स्वतः लिहिली. आणि पाठ फिरवायच्या आधी ते आता बाईकडे एकदा नीट बघत आणि विचारत, "डोकं?" एवढा एकच प्रश्न तोंडानं. त्यासाठी त्यांना केवढं बळ आणावं लागायचं! कान लाल व्हायचे त्यांचे.

आक्का थकल्या तसं अण्णांनी दुकान विकलं आणि ते लोंढ्याला मुलाकडे गेले. मुलगा रेल्वेत, तिथेच क्वार्टर. दोन वर्षांपूर्वी आक्का गेल्या. मला उशिरा कळलं. मी भेटायला निघणार त्याच्या आदल्या दिवशी सईचा फोन आला. ती आता बेळगावात इंजिनिअरिंगला, पिरनवाडीला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. पाळी महिनोन्महिने येत नव्हती म्हणून तिथल्या डॉक्टरांना दाखवलं होतं, त्यांनी गोळ्या दिल्या होत्या. नाव सांगितलं तिनं.  कुटुंब नियोजनाच्याच त्या, पाळी नियमित करायलाही देतात. मी विचारलं, "तुझं डोकं दुखतं का? दुखायच्या आधी काही चमकतं का?" "नाही गं आई. तुझं आपलं सुरू झालं का?" असं म्हणून तिनं फोन ठेवला. रात्रभर मला खडू पडल्याचा आवाज ऐकू येत होता.

लोंढ्याला अण्णा मागच्या अंगणात बसले होते. दाढी वाढलेली, खिशात एकही चष्मा नाही. सून म्हणाली, दोन महिने झाले, यांनी स्वतःच्या बीपीच्या गोळ्या सोडल्यात, सांगून ऐकत नाहीत. मी म्हटलं, "असं का करता अण्णा?" ते हसले. "आता कुणासाठी भ्यायचं गं. लई हलकं वाटतंय." इतक्या वर्षांत त्यांना मी कधी न भ्यालेलं बघितलं नव्हतं. तो सैल पडलेला चेहरा बघवेना. मी सईचं सांगितलं.

ते एकदम ताठ झाले. "कुठल्या गोळ्या?" नाव सांगितलं. "इचारलंस?" नाही म्हणतेय, म्हटलं. अण्णा माझ्याकडे वळले. "तू बी न्हायच म्हणालतीस," ते म्हणाले. "फोन लाव."

फोन त्यांनी कानाला लावला. "बाळ, मी निपाणीचा मेडिकलवाला अण्णा. तुझी आई भाईर गेलीय, हितं न्हाय. मी इचारतो, तू नुसतं व्हय न्हायतर न्हाय म्हण. कारण सांगू नगंस." मी त्यांच्याशेजारीच बसले होते. त्यांनी एकेक विचारलं, अगदी हळू. मधेच थांबले. बराच वेळ पलीकडचं ऐकत राहिले.

"कधीपासनं?" त्यांनी विचारलं. मी डोळे मिटले.

"वीस मिन्टं. एका बाजूला. बरं. ऐक, भिऊ नगंस. आजची गोळी घेऊ नगंस. उद्या त्याच डॉक्टरांकडं जा आणि मला सांगितलंस तसं त्यांना सांग. त्यांनी इचारलं असंल, तू सांगितलं नसशील. न्हाय, रागवत न्हाय कोण. पाळीसाठी दुसरी औषधं हायत, चांगली हायत." मग थांबून म्हणाले, "आईला मी सांगतो. ती बी अशीच हुती."

दुसऱ्या दिवशी मी सईबरोबर गेले. डॉक्टरांनी त्या गोळ्या तिथल्या तिथे बंद केल्या, एकाच हार्मोनच्या दिल्या, आणि फाईलवर पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत कारण लिहिलं. बाहेर आल्यावर मी सईला विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तू लगेच घाबरतेस म्हणून." गेल्या वर्षी पावसाळ्यात अण्णा गेले, तेव्हा ती माझ्याबरोबर लोंढ्याला आली होती. तिनं त्यांना लहानपणानंतर एकदाही बघितलं नव्हतं.

पण त्या दुपारी अण्णा होते. फोन ठेवून त्यांनी सुनेला हाक मारली. "माझ्या गोळ्यांचा डबा कुठाय गं? आणि चष्मा?" निघताना मी पाया पडले. ते गेटपर्यंत आले, पायऱ्या बघून उतर म्हणाले, पदर सावर म्हणाले, गाडीत दाराजवळ बसू नको म्हणाले. आवाजात जुनी थरथर होती. स्टेशनवर येऊन मी गाडीत खिडकीशी बसले. तेवढ्यात फोन वाजला.

"पोचलीस का गं?"

गाडी अजून लोंढ्यातच उभी होती.